बनवाबनवीतली पार्वती आणि आमच्या अक्का

आमच्या घरात सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकतात. त्यामुळे संध्याकाळ फार लांब असते. भांडी घासून झाली, दिवा लागला, की रात्री दहापर्यंत बाईमाणसानं करायचं काय? 1985 साली मी लग्न होऊन कडोदऱ्याला आले तेव्हा हा प्रश्न मला रोज पडायचा. माहेर कोल्हापूरचं. तिथं संध्याकाळ झाली की रंकाळा होता, मैत्रिणी होत्या, आणि सिनेमा होता. इथं काय, तर चार रस्ता. मुंबईहून अहमदाबादला जाणारा हमरस्ता आणि सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात तो हा चौक. रात्रभर ट्रकचे आवाज, पलीकडे उसाची शेतं, आणि हळूहळू वाढत चाललेल्या कापडाच्या मिला. आमचं किराणा दुकान. गिऱ्हाईक निम्मं गुजराती, निम्मं खानदेशातून आलेलं मिल कामगारांचं. घरात मराठी, दुकानात गुजराती, आणि मागच्या चाळीत अहिराणी.

1989 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकट्या दिरांनी सुरतेहून भाड्यानं व्हीसीआर आणला. त्या काळी एका रात्रीचं भाडं द्यायचं आणि सकाळपर्यंत जितके सिनेमे बघून होतील तितके बघून घ्यायचे, अशी रीत होती. तीन कॅसेटी आणल्या होत्या. पहिलीच लावली ती 'अशी ही बनवाबनवी'. चित्रपट येऊन वर्ष झालं होतं, पण आमच्यापर्यंत तेव्हाच पोचला. ओसरीवर टीव्ही ठेवला, मागच्या चाळीतल्या बायका पोरांना घेऊन आल्या. आणि त्या रात्री मी आमच्या मोठ्या जाऊबाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी पहिल्यांदा.

मी त्यांना माझ्या कोल्हापुरी सवयीनं अक्का म्हणे. अक्का म्हणजे घरातलं न बोलणारं यंत्र. पहाटे उठायचं, पाणी गाळायचं, सासऱ्यांच्या पूजेचं ताट लावायचं, सगळ्यांचं सगळं करायचं. त्या बाई लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती झालेला बघून अशा हसत सुटल्या की शेवटी तोंडात पदराचा बोळा कोंबून आत पळाल्या.

या एका रात्रीसाठी मी गेली काही वर्षं जुने विनोदी चित्रपट पुन्हा बघते आहे. माझ्या वयाला हे शोभत नाही असं मुलगा म्हणतो. म्हणू दे.

कोल्हापूरची असल्यामुळे थोडा अभिमान सांगते. मराठी विनोदी चित्रपटाचं पाळणाघर आमच्या कोल्हापुरात होतं. 1938 साली मास्टर विनायक यांनी हंस पिक्चर्ससाठी 'ब्रह्मचारी' काढला. कथा आचार्य अत्र्यांची. एक साधासुधा औदुंबर एक भाषण ऐकतो आणि भरात आयुष्यभर ब्रह्मचारी राहायचं ठरवतो. मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि व्रताचं पार पाणी होतं. किशोरीचं काम मीनाक्षी शिरोडकर यांनी केलं. पोहण्याच्या पोशाखात त्या पडद्यावर आल्या म्हणून केवढा गहजब झाला, हे आमच्या आजीच्या तोंडूनही मी ऐकलंय. तिनं चित्रपट पाहिला नव्हता, पण गहजब तिला पाठ होता! मला मात्र त्यातलं दुसरंच काही भावलं. आपल्या घरांत व्रतं, नियम यांचं महत्त्व आपल्याला माहीत आहे. प्रवचन ऐकून भरल्या सभेत हात वर करून नियम घेणारे आणि पंधरा दिवसांनी गुपचूप पळवाट शोधणारे पुरुष आपण पाहिलेत. अत्र्यांचं हसणं व्रतावर नव्हतं, उसन्या जोशावर होतं. आणि विनायकांनी तो औदुंबर इतक्या भाबडेपणानं केला की त्याचा राग येत नाही.

दुसऱ्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आला. तो तर आम्हा गुजरातेत राहणाऱ्यांसाठीच काढल्यासारखा आहे! बगाराम नावाचा म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून ब्रँडीची बाटली शोधत गावभर फिरतो, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. दामुअण्णा मालवणकर यांचं ते काम. दिसायला नायकासारखं काही नाही, डोळे तिरळे, आणि अख्खा चित्रपट त्यांच्या खांद्यावर. दारूबंदीच्या राज्यात निर्व्यसनी माणसानं बाटली शोधायची म्हणजे काय, हे मी इथल्या मैत्रिणींना गुजरातीत समजावून सांगितलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त हसू आलं.

आणि एक गंमत सांगते, जी पुष्कळांना ठाऊक नसते. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी आपण पुण्याची समजतो. पण ती लिहिणारे चिं. वि. जोशी नोकरीला होते बडोद्याला. गायकवाडांच्या बडोद्यात ते पाली भाषेचे प्राध्यापक होते, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक होते. म्हणजे आमच्या या रस्त्यानं सरळ वर गेलं की जे गाव लागतं, तिथं बसून एका पंडितानं मराठी मध्यमवर्गाची फजिती लिहिली. 1940 साली विनायकांनीच त्यावर 'लग्न पहावं करून' काढला. पुढं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. परमुलुखात राहिलं की आपल्या माणसांचे हसण्यासारखे गुण जास्त स्पष्ट दिसतात की काय, कोण जाणे. मला तरी इथं आल्यावरच दिसले.

पन्नाशीच्या दशकाबद्दल मी फार लिहीत नाही. राजा परांजपे यांचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' 1952 चे, पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपती' 1953 चा. हे सगळे सभ्य, गोड, घरात सगळ्यांनी बसून बघावे असे. राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटं विकायचे आणि स्वतःच नायक असलेल्या 'लाखाची गोष्ट'चीही तिकिटं त्यांनी खिडकीतून विकली, असं सांगतात. विचार करा, तिकीट घेणाऱ्याला पडद्यावर तोच चेहरा दिसल्यावर काय वाटलं असेल! या चित्रपटांतल्या नायिका, चित्रा आणि रेखा या दोघी बहिणी, सुंदर दिसतात, नीट बोलतात. पण हसवायचं काम पुरुषांचं. त्यांनी फक्त खुदकन हसायचं.

मग आले दादा कोंडके. 'सोंगाड्या' 1971 चा. आमच्या घरात या नावावर बंदी होती. वडील म्हणायचे, चावट माणूस आहे. आता वय झाल्यावर सगळे बघितले. चावट आहेच, मी नाही म्हणत नाही. काही ठिकाणी मी उठून गेले. पण त्या अर्ध्या चड्डीतल्या, नाडी लोंबणाऱ्या नाम्याला आईचा जो धाक आहे, तो बघताना मला आमच्याकडच्या खेड्यातला अर्धा पुरुषवर्ग दिसला. आईचं काम रत्नमाला यांचं. दादांच्या कितीतरी चित्रपटांत त्याच आये. दादा 'आये' म्हणून हाक मारतात आणि ती बाई नुसती बघते, त्या बघण्यावर लोक हसतात. उषा चव्हाणही नुसत्या नाचायला नव्हत्या, दादांच्या वाक्याला ठसक्यात उलट वाक्य टाकायची ताकद त्यांच्यात होती. पुढं दादांनी 1977 साली 'नंदू जमादार' नावाचा गुजराती चित्रपटही केला. माझ्या शेजारच्या बेननी लहानपणी तो पाहिलेला. मी दादा कोंडके म्हटलं की त्या अजून "पेलो जमादार?" असं विचारतात.

माझी आई मात्र एक दिवस, ऐंशीच्या घरात असताना, सहज बोलून गेली की तिनं 'सोंगाड्या' पाहिला होता. मैत्रिणींबरोबर, दुपारच्या खेळाला, देवळात जाते सांगून. "मग? हसलीस का?" मी विचारलं. तर म्हणाली, "तोंडावर पदर धरून." पन्नास वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं.

बायकांच्या हसण्याला आपल्या भाषेत किती वाईट शब्द आहेत बघा. फिदीफिदी, खिदळणं, दात काढणं. पुरुष हसला तर तो दिलखुलास, मिश्किल, सात मजली. हसणाऱ्या बाईवर आणि रडणाऱ्या पुरुषावर विश्वास ठेवू नये असं जुनी माणसं म्हणायची. आपल्या शास्त्रातही हास्य हे नऊ नोकषायांपैकी एक सांगितलं आहे, म्हणजे आत्म्याला मळवणारं, फार वाढू न देण्यासारखं. मला ते मान्य आहे. दुसऱ्याला टोचून हसणं म्हणजे हिंसाच. पण त्याच यादीत शोक आहे, भयही आहे. आयुष्यात मला "इतकी रडू नकोस, कर्मबंध होईल" असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. "इतकी घाबरू नकोस" असंही नाही. "दात काढू नकोस" मात्र शेकडो वेळा.

चित्रपटांतही तेच झालं, असं माझं मत झालंय. ऐंशीच्या दशकात मराठी विनोदी चित्रपट जोरात आला. 1985 साली महेश कोठारे यांचा 'धूमधडाका', 1987 साली सचिन यांचा 'गंमत जंमत', 1988 साली 'बनवाबनवी'. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, महेश कोठारे ही चौकडी. थिएटरं भरत होती ती यांच्या नावावर. आणि 1991 साली बायकांसाठी चित्रपट आला तो कोणता? 'माहेरची साडी'. गावोगावच्या बायका हातरुमाल घेऊन गेल्या, मीही गेले, पोटभर रडून आले. तो काढणारे विजय कोंडके हे दादांचे पुतणे. एकाच घरात काकांनी हसवलं आणि पुतण्यानं रडवलं. रडवलं ते आम्हाला.

तरी पण काहीजणी निसटून गेल्या त्या सापळ्यातून. 'धूमधडाका'त प्रेमा किरण यांची अंबाक्का आठवा. लक्ष्याच्या तोडीस तोड, गावरान, कुणाला न भिणारी. आणि त्यांच्याही आधी रंजना. व्ही. शांताराम यांच्या 'चानी'तली, 'सुशीला'तली, 'अरे संसार संसार'मधली रंजना सगळ्यांना माहीत आहे. पण मला विनोदी रंजना जास्त मोठी वाटते. 'गुपचुप गुपचुप' बघा, 'बिन कामाचा नवरा' बघा. अशोक सराफांसारखा माणूस समोर असताना बाई एक पाऊलही मागे सरकत नाही. तो आळशी नवरा आणि ही राबणारी बायको. तिचा संताप खरा आहे आणि तरी आपण हसतो. हे फार अवघड आहे हो. रागावलेल्या बाईवर हसणं सोपं असतं. तिच्या बाजूनं, तिच्याबरोबर हसायला लावणं हे रंजनाला जमायचं. 1987 साली चित्रीकरणाला जाताना तिच्या गाडीला अपघात झाला, ती पांगळी झाली. चाकाच्या खुर्चीत बसून ती पुढं 'फक्त एकदाच' नाटकात रंगमंचावर आली. मार्च 2000 मध्ये गेली. पन्नाशीही गाठली नव्हती.

नाटकाची गोष्ट जरा वेगळी. तिथं 1975 सालीच भक्ती बर्वे 'ती फुलराणी' करत होत्या आणि सगळं नाटक त्या एकटीच्या जिभेवर चालत होतं. पण नाटक कडोदऱ्याला कुठून येणार? आमच्यापर्यंत यायची ती कॅसेट.

तर त्या रात्रीकडे येते.

'बनवाबनवी' ज्यांनी पाहिला नाही अशी मराठी बाई असेल असं मला वाटत नाही, तरी थोडक्यात सांगते. घर भाड्यानं हवं, पण मालकीणबाई लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच घर देणार. म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका होतात. सचिन सुधा होतो, लक्ष्मीकांत पार्वती. अशोक सराफांचा धनंजय माने सगळ्यांना सांभाळून घेतो. मूळ कथा हृषीकेश मुखर्जी यांच्या 1966 च्या 'बीवी और मकान'वरची, पण वसंत सबनीसांनी ती अशी मराठी करून टाकली की हिंदी कुणाला आठवतही नाही. पुरुषानं साडी नेसून हसवणं मला एरवी आवडत नाही. बहुतेकदा त्यात बाईच्या अंगाची टिंगल असते. लक्ष्मीकांतचं तसं नाही. पार्वतीला डोहाळे लागतात, तिचं डोहाळेजेवण होतं, बायका तिच्याभोवती जमतात, आणि तो गडी खरंच लाजतो, खरंच अवघडतो. बाई व्हायचं म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी नजरेखाली राहायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला वाटतं, अक्कांना हसू आलं ते यामुळे. त्यांची ती दोन बाळंतपणं, ते अवघडलेपण, आज पडद्यावर एक पुरुष भोगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष दुकानात होते. चाळीतल्या तिघी-चौघी निवडायला बसल्या होत्या. अक्का आतून आल्या त्या पोटाला उशी बांधून. एक हात कमरेवर, एक पाय जरा फाकून. तोंडातून शब्द नाही. नुसत्या चालत आल्या, धान्याच्या पोत्याला टेकल्या, आणि पार्वतीसारख्या लाजल्या. मग त्यांनी सासूबाई केल्या, सासरे केले, दुकानात उधारी मागायला येणारा कामगार केला, मला केलं. मी कोल्हापुरी हेल काढून भांडते ते हुबेहूब. आम्ही अक्षरशः लोळत होतो. म्हणजे रंजनाचं जे मी वर सांगितलं ते सगळं या बाईकडे होतं, चार वर्षं माझ्या शेजारी भाकरी थापत होतं, आणि मला पत्ता नव्हता.

वर्षभर आमच्या दुपारी अशा गेल्या. मग समाजातल्या एका लग्नात, बायकांच्याच कार्यक्रमात, कुणीतरी आग्रह केला आणि अक्कांनी पार्वती करून दाखवली. बायका हसून हसून बेजार झाल्या. पण दाराआडून कुणीतरी पुरुषानं पाहिलं. आठ दिवसांनी घरी निरोप आला की मोठ्या घरच्या सुनेनं जाहीर सोंगं करणं बरं दिसत नाही. सासरे ओरडले नाहीत. त्यांनी फक्त भाऊजींना म्हटलं, "तिला सांग." भाऊजींनी सांगितलं. अक्कांनी "बरं" म्हटलं. बस. त्यानंतर उशी कधी बांधली नाही. आमच्यासमोर, दुपारीसुद्धा नाही. मी खूप विनवलं. "नको गं, लक्षात राहिलं नाही आता," असं म्हणायच्या.

मीही तेव्हा गप्प बसले. माझी मुलगी लहान होती, घरात वाद नको होता. हे लिहायला मला तीस वर्षांहून जास्त लागली.

गंमत म्हणजे बायकांची सोंगं ही काही नवी गोष्ट नव्हती. शेजारच्या ब्राह्मणांच्या, मराठ्यांच्या मंगळागौरीत मी लहानपणी बघितलंय, रात्रभर सासू-सुनेची, सवती-सवतीची भांडणं करून दाखवायच्या बायका. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या एकेकाची खिल्ली असते. ती सगळी कला दार लावून चालायची. दार उघडलं की संपलं.

2004 साली डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे गेले, अवघे पन्नास वर्षांचे. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा अक्का भाजी चिरत होत्या. हात थांबला. "पार्वती गेली गं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी 1992 मध्ये जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' केला होता, पुलंनी लिहिलेला. हसवणाऱ्या माणसाच्या आतलं दुखणं त्यात आहे. लोकांनी तो फारसा पाहिला नाही. लक्ष्यानं रडवलेलं लोकांना नको होतं. अक्कांना मी तो मुद्दाम दाखवला. संपल्यावर त्या म्हणाल्या, "याला हसवू नकोस असं कुणी सांगितलं नाही, तरी हा दुःखी का?" मला उत्तर देता आलं नाही.

हल्ली दिवस पालटले आहेत असं म्हणतात. अशोक सराफांना महाराष्ट्रभूषण मिळालं, 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. हसवणाऱ्याला मान मिळायला त्यांच्या वयाची पंचाहत्तरी उलटावी लागली. बायकांचे विनोदी चित्रपटही येऊ लागले. 2021 चा 'झिम्मा', ज्यात निरनिराळ्या वयाच्या बायका विलायतेच्या सहलीला जातात. निर्मिती सावंत त्यात काय आहेत! आणि 2023 च्या जूनअखेर आलेला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा', सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. मी तेव्हा माहेरी होते. आम्ही चौघी बहिणी कोल्हापुरात बघायला गेलो. बायका घोळक्यानं आल्या होत्या, नऊवारी नेसून, गजरे माळून. मध्यंतरात फुगड्या घातल्या. कुणी पदर तोंडावर धरला नव्हता. चित्रपट म्हणून त्यात खोट काढता येईल, काही ठिकाणी रडारड आहेच, ती जुनी सवय सुटत नाही. पण मी पडद्याकडे कमी आणि बाजूच्या खुर्च्यांकडे जास्त बघत होते. त्या वर्षी मराठीत सर्वात जास्त गल्ला याच चित्रपटानं जमवला. म्हणजे या बायका इतकी वर्षं होत्याच कुठं तरी, पैसे हातात धरून.

अक्का तो बघायला नव्हत्या. त्या आदल्या वर्षीच गेल्या.

शेवटचे काही महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. स्मरण कमी झालं होतं. मला कधी ओळखायच्या, कधी नाही. एका दुपारी त्यांच्या नातीनं मोबाईलवर 'बनवाबनवी' लावला. डोहाळेजेवणाचा प्रसंग आला. अक्का बराच वेळ टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बसव." आम्ही दोघींनी धरून बसवलं. "उभं कर." उभं केलं. त्यांनी उशाशी चाचपडून उशी घेतली, पोटाशी धरली, एक हात कमरेवर ठेवला, आणि पाय जरा फाकून चालू लागल्या. नात हसायला लागली. मी हसायला लागले. अक्का दारापर्यंत गेल्या, दाराच्या चौकटीला टेकल्या आणि लाजल्या.

मग परत फिरल्या, कॉटवर टेकल्या, आणि म्हणाल्या, "पाणी दे गं. सूर्य मावळायला आला."